जांभ्यावरच्या वाटा आणि माउंटन बाईकचे टायर: कोकणात नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

रत्नागिरीजवळच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, माझा पहिला महागडा टायर तिसऱ्याच आठवड्यात फाटला. नक्षी नवीकोरी होती, नॉबची, म्हणजे नक्षीतल्या उंचवट्यांची, धारसुद्धा गेली नव्हती. चीर गेली होती ती बाजूला, साइडवॉलला, अंगठ्याएवढी लांब. चिरेखाणीच्या कडेला पडलेल्या एका तुकड्याला चाक घासलं, एवढंच निमित्त. नवी ट्यूब घातली तर ती त्या चिरेतून फुगा होऊन बाहेर आली. आतून ठिगळ लावायचं असतं हे तेव्हा ठाऊक नव्हतं. डांबरी रस्ता येईपर्यंत नऊ किलोमीटर सायकल ढकलली.

टायर निवडण्याबद्दल वाचायला पुष्कळ मिळतं, पण त्यातलं बरंचसं मऊ मातीच्या जंगलवाटा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं असतं. आपल्याकडे जांभा, म्हणजे लाल दगड, आहे, वर्षातले चार महिने शेवाळ आहे आणि खाली खाऱ्या पाण्याचा किनारा आहे. त्यामुळे आपला हिशेब वेगळा. तो मला ज्या क्रमाने कळायला हवा होता, त्याच क्रमाने पुढे लिहितो.

१. आधी जमीन ओळखा

जांभा सच्छिद्र असतो. खाणीतून नुकताच काढलेला चिरा त्या मानाने मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. सड्यावरचा उघडा कातळ तर कैक पावसाळे खाल्लेला, खडबडीत आणि जागोजाग धारदार. कोरडा असताना त्याच्यासारखी पकड कुठेच मिळत नाही, टायर अक्षरशः चिकटून चालतो. पण हाच कातळ कानशीसारखा रबर खातो आणि त्याच्या कडा बाजू कापतात.

दिवाळीनंतर गवत वाळलं की या कातळावर जांभ्याची बारीक गोल खडी उघडी पडते. वाटाण्याएवढे खडे, खाली कठीण दगड. नवख्यांची सर्वांत जास्त पडापड इथे होते. त्याखालोखाल कलमांच्या बागांमधल्या लाल मातीच्या वाटा, मळ्यांच्या कडेचा चिखल, गावातल्या पाखाड्या (दगडी पायऱ्यांच्या वाटा) आणि किनाऱ्याची वाळू. तुम्ही यातलं काय जास्त चालवणार, हे दुकानात जायच्या आधी ठरवा. दापोली-गुहागरकडे किनाऱ्याला धरून फिरणारा आणि राजापूर-देवगडच्या सड्यांवर रमणारा, यांना एकच टायर सांगता येत नाही.

२. टायरवरचे आकडे वाचा

तुमच्या आत्ताच्या टायरच्या बाजूला दोन तऱ्हेने माप लिहिलेलं असतं. एक इंचात, उदाहरणार्थ २९ × २.२५. दुसरं मिलिमीटरमध्ये, ५७-६२२. यातलं दुसरं माप खरं मानायचं. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास. २९ इंचीला ६२२, साडेसत्तावीसला ५८४, २६ इंचीला ५५९. हा दुसरा आकडा जुळलाच पाहिजे, तिथे तडजोड नाही. रुंदीत थोडी मोकळीक असते.

ट्रेलसाठी, म्हणजे अशा वाटांसाठी, २.२५ ते २.४ इंच रुंदी पुरते. २.४ घ्यायचा असेल तर आधी फ्रेम आणि फोर्कमध्ये जागा बघा. दोन्ही बाजूंना किमान सहा मिलिमीटर तरी रिकामे हवेत. पावसाळ्यात लाल चिखल तिथे चिकटून घट्ट होतो आणि चाक फिरायचं थांबतं. रिमही बघा: आतून २५ मिलिमीटरच्या आसपास असेल तर २.२५ ते २.४ बरोबर बसतो. जुन्या अरुंद रिमवर रुंद टायर घातला तर वळणावर तो बाजूला कलंडतो.

व्हॉल्व्हही आत्ताच बघून ठेवा. मोटारसायकलसारखा जाड असेल तर श्रेडर, बारीक आणि टोकाला छोटा स्क्रू असेल तर प्रेस्टा. तालुक्याच्या गावात ट्यूब मिळते ती बहुतेक २६ इंची आणि जाड व्हॉल्व्हची. बारीक भोकाच्या रिममध्ये जाड व्हॉल्व्ह जात नाही. म्हणून प्रेस्टावाल्यांनी जादा ट्यूब कायम जवळ बाळगावी. अडचणीत साडेसत्तावीसची ट्यूब २९ च्या चाकात ताणून बसते, घरी येण्यापुरती चालते.

३. नक्षीच्या आधी टायरचं अंग बघा

माझं ठाम मत सांगतो: कोकणात पैसे नक्षीवर घालवू नका, टायरच्या अंगावर घाला. अंग म्हणजे रबराच्या आतलं कापड, त्याचे थर आणि बाजूची जाडी.

टीपीआय हा आकडा कापडाच्या विणीचा, एका इंचात किती धागे ते सांगणारा. १२० टीपीआयचा टायर बारीक धाग्यांचा, हलका आणि लवचिक. ६० टीपीआयचा जाड धाग्यांचा, थोडा जड, पण मार खाणारा. आपल्या कातळावर मागच्या चाकाला ६० टीपीआय घ्यायला अजिबात कचरू नका. १२० च घ्यायचा असेल तर बाजूला कापविरोधी थर आहे का ते बघा. मॅक्सिस कंपनी त्याला एक्सो म्हणते आणि त्याहून जाडाला एक्सो प्लस. श्वाल्बेच्या सुपर ट्रेल नावाच्या टायरांचं अंगही असंच भक्कम असतं.

वजनावरूनही अंदाज येतो. २९ इंची शर्यतीचा टायर सातशे ग्रॅमच्या आसपास असतो, ट्रेलचा साधारण साडेआठशे ते हजारच्या घरात. माझा फाटलेला टायर सातशेच्या आतला होता. दुकानात हलका टायर हातात घेतला की मोह होतो. त्या वेळी सड्यावर भर उन्हात उभं राहून टायर सोलायचा प्रसंग आठवावा.

रबराचा मऊपणाही बघावा लागतो. मऊ रबर ओल्या दगडावर जास्त धरतं, पण जांभ्यावर भराभर झिजतं. म्हणून मऊ पुढे, कडक मागे.

४. पुढचा आणि मागचा टायर वेगळा घ्या

मागचं चाक घसरलं तर सायकल नागमोडी जाते आणि बहुतेक वेळा सावरता येते. पुढचं घसरलं तर कळायच्या आत तुम्ही जमिनीवर असता. त्यामुळे पकड आधी पुढे. पुढच्या टायरला कडेचे नॉब उंच आणि भक्कम हवेत, कारण वळणावर सायकल झुकली की भार तिथे येतो. मॅक्सिसचा मिनियन डीएचएफ किंवा श्वाल्बेचा हान्स डाम्फ ही त्या जातीची उदाहरणं. मागे मधली नक्षी जवळजवळ असलेला, सहज घरंगळणारा टायर चालतो. मॅक्सिसचा रेकॉन, आर्डेंट किंवा व्हिटोरिआचा मेझकल पुरे होतो.

बजेट एकाच टायरचं असेल तर तो पुढे घाला. जुना मागेच राहू द्या.

टायरवर बाण असतो, चाक फिरायची दिशा दाखवणारा. घाईत उलटा बसतो आणि घरी आल्यावर लक्षात येतं. बसवतानाच बघा.

५. ट्यूब की ट्यूबलेस?

पहिले दोन-तीन महिने ट्यूबवरच चालवा. पंक्चर काढायला, हवेचा अंदाज यायला तेवढा वेळ लागतोच. त्यानंतर रिमवर ‘ट्यूबलेस रेडी’ असेल तर ट्यूबलेसकडे वळा, म्हणजे ट्यूब काढून आत सीलंट हा भोक बुजवणारा द्रव घाला. आपल्याकडे त्याचं मुख्य कारण काटे. करवंद, बोर, चिल्हार आणि त्याहून जास्त म्हणजे वईचे, म्हणजे काटेरी कुंपणाचे, काटे. बागेला नवी वई घातली की तुटक्या फांद्या वाटेवर पडतातच. ट्यूब असताना एका सकाळी चार पंक्चर काढलेली आहेत. ट्यूबलेसमध्ये काटा उपटायचा, चाक फिरवून भोक खालच्या बाजूला आणायचं, सीलंट आपलं काम करतं.

२९ × २.४ च्या टायरला १०० ते १२० मिलिलिटर सीलंट लागतं, अरुंद टायरला ८० च्या आसपास. बाटलीवर सहा महिने लिहिलेलं असलं तरी आपल्या उकाड्यात तेवढं टिकेल असं धरू नका. मी दर दोन महिन्यांनी चाक कानाजवळ हलवून बघतो. आत पाणी डुचमळल्यासारखा आवाज आला नाही तर आणखी घालायचं.

टायर पहिल्यांदा रिमवर बसवायला एकदम जोराची हवा लागते. साबणाचं पाणी कडेला लावून गॅरेजच्या कंप्रेसरने बसतो. प्रेस्टाला पितळी ॲडॉप्टर लागतो, तो खिशात घेऊन जा. आणि स्वतः उभे राहा. गॅरेजवाले दादा मोटारसायकलच्या सवयीने हवा भरत जातात. टायरवर आणि रिमवर जास्तीत जास्त दाबाचा आकडा छापलेला असतो, त्यातला कमी असेल त्याच्या पुढे जाऊ देऊ नका.

६. हवा

इथे घाई करू नका. चांगला टायर चुकीच्या हवेत निकामी ठरतो आणि साधा टायर बरोबर हवेत आश्चर्य वाटेल इतका चांगला चालतो.

लहानपणापासून आपण टायर अंगठ्याने दाबून, दगडासारखा लागला की ‘हवा बरोबर’ म्हणत आलो आहोत. रस्त्यावरच्या सायकलला ते ठीक. कातळावर टणक टायर प्रत्येक उंचवट्यावर उसळतो, जमिनीला टेकतो तो नुसत्या दोन-चार नॉबवर. हवा कमी केली की टायर दगडाच्या आकाराभोवती बसतो आणि पकड वाढते. फार कमी केली तर दगडाचा ठोका थेट रिमला बसतो.

सुरुवात कुठून करायची? तुमचं वजन ७० किलोच्या आसपास आणि टायर २.२५ ते २.४ असेल तर ट्यूबवर पुढे २६, मागे २९ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक). ट्यूबलेसवर पुढे २१-२२, मागे २४-२५. वजन दहा किलोने जास्त असेल तर दोन-तीन पीएसआय वाढवा, कमी असेल तर तेवढी उतरवा.

पुढे असं करा. घराजवळची एक किलोमीटरभराची ओळखीची वाट निवडा, जिच्यात कातळ, खडी आणि एक वळण आहे. तीच वाट पुन्हा पुन्हा चालवा आणि दर फेरीला एक पीएसआय कमी करा. एका टप्प्यावर सायकल शांत होते, हातांना बसणारे हादरे कमी होतात. अजून खाली गेलात की वळणावर टायर लोळतो किंवा दगडावर ‘ठक्’ असा रिमचा आवाज येतो. तिथून दोन पीएसआय वर या. हा तुमचा आकडा. वहीत लिहून ठेवा, टायर बदलला की पुन्हा काढा.

ट्यूबवर असाल आणि पंक्चरमध्ये शेजारी शेजारी दोन भोकं दिसली तर तो काटा नव्हे. हवा कमी असल्याने ट्यूब दगड आणि रिम यांच्यात चेपली गेली. नुसतं ठिगळ लावून निघालात तर पुढच्या दगडावर तेच होणार.

छोटा डिजिटल गेज घ्या. पंपावरचा १६० पर्यंतचा काटा २५ च्या आसपास काही धड सांगत नाही, आणि दोन पीएसआयचा फरक इथे खरोखर जाणवतो. मोजायचं ते नेहमी एकाच गेजने. एप्रिल-मेमध्ये आणखी एक गोष्ट: पहाटे २५ अंशांत भरलेली २५ पीएसआय हवा चाक ४० अंशांना तापलं की साधारण २७ होते. सायकल उन्हात उभी करून जेवायला थांबलात तर निघताना पुन्हा मोजा.

७. पिशवीत काय हवं

• जादा ट्यूब, ट्यूबलेस असला तरी
• दोन टायर लिव्हर, हातपंप, गेज
• ट्यूबलेससाठी भोक बुजवायचा प्लग आणि तो घुसवायचा टोच्या
• घासकागद, ठिगळं, सोल्युशन. उघडलेली सोल्युशनची नळी उकाड्यात सुकते, म्हणून दोन
• साइडवॉलसाठी जुन्या टायरचा कापलेला तुकडा, साधारण तीन बोटं रुंद
• सुती फडकं आणि पाणी

तो जुन्या टायरचा तुकडा म्हणजे मला नऊ किलोमीटर चालवणाऱ्या प्रश्नाचं उत्तर. बाजू फाटली की आतून तो तुकडा लावायचा, त्यावर ट्यूब, आणि हवा बेताची. घरापर्यंत येता येतं. फडकं पंक्चर झाल्यावर टायरच्या आतून फिरवायला. काटा राहिला असेल तिथे त्याचे धागे अडकतात आणि बोट कापत नाही.

हवा भरायला कार्बन डायऑक्साइडची नळकांडी वापरणार असाल तर सीलंटला ती चालतात का ते आधी बघा. काही सीलंट त्या वायूने गोठतात. मी हातपंपच बाळगतो.

८. वाटेवर

कोरड्या खडीवर ब्रेक वळणाच्या आधी, सरळ असतानाच. वळणात शिरल्यावर पुढचा ब्रेक दाबलात तर त्या गोल खड्यांवरून चाक निघून जातं. शरीर सरळ ठेवून सायकल खाली झुकवा, म्हणजे कडेचे नॉब जमिनीला लागतात.

ओलं शेवाळ हा वेगळाच विषय. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आषाढ लागेपर्यंत पाखाडीचे चिरे आणि सावलीतला कातळ हिरवा-काळा होतो. यावर धरणारा टायर मला अजून मिळालेला नाही. मऊ रबर, कमी हवा, उंच नॉब, सगळं करून बघितलं. पहिल्या पावसाळ्यात एका पाखाडीच्या तोंडाशी मी सायकल उतरवायच्या तयारीत होतो, तेव्हा खालून येणारे एक आजोबा म्हणाले, “बाबा, हितं गुरापन थांबतात. उतर नि चाल.” उतरलो, आणि सायकल हातात धरूनही दोनदा पाय सरकला. तेव्हापासून नियम: हिरवं दिसलं की उतरायचं. अचानक अंगावरच आलं तर ब्रेक नाही, पायडल नाही, हँडल सरळ, तसंच पार होऊ द्यायचं.

पाखाडी लोकांची रोजची जायची-यायची वाट आहे. डोक्यावर भारा घेतलेल्या मावशींना कडेला व्हायला लावू नका, आपण थांबा. गडगा (दगडी बांध) ओलांडून वाट जात असेल तर ती कुणाच्या तरी मालकीतून जाते, विचारून जा. “काका, हिकडनं सड्यावर जाऊ का?” एवढं विचारलं तर बहुतेक वेळा पुढची वाटही सांगतात. आंब्याच्या हंगामात बागेतून जाणं टाळाच.

सड्यावर कातळशिल्पं आहेत. उक्षी, जांभरुण, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू ही काही माहितीतली ठिकाणं, आणि माहितीबाहेरचीही असणार. कोकणातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. रेषा बोटभर खोल, उन्हं डोक्यावर असताना दिसतसुद्धा नाहीत. चाकांनी त्यांच्या कडा झिजतात. अशा ठिकाणी सायकल लांब उभी करून चालत जा. श्रावण-भाद्रपदात सडा फुलतो तेव्हाही मळलेल्या वाटेवरूनच चालवा. तिथली माती बोटभर जाडीची असते, एका चाकाने उखडली की पावसाने वाहून जाते.

वाळूत ओहोटीला, पाण्यालगतच्या घट्ट पट्ट्यावरून चालवा. २.४ चा ट्यूबलेस टायर १५ पीएसआयपर्यंत उतरवला तर वरच्या सैल वाळूतूनही थोडं अंतर निघतं, पण किनाऱ्यावरून बाहेर पडताच पुन्हा हवा भरा, नाहीतर पहिल्याच दगडावर रिमला ठोका. वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवं वरच्या वाळूत अंडी घालतात. तिथे वरच्या वाळूत चाक नेऊच नका, आणि रात्री किनाऱ्यावर सायकल नको.

९. घरी आल्यावर

किनाऱ्यावर गेला असाल किंवा दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशी फेरीबोट केली असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने सायकल धुवा. खारं पाणी टायरला फार काही करत नाही, पण तारांची निपलं आणि व्हॉल्व्हची नट गंजून बसते. ट्यूबलेसची ती नट वाटेत हाताने सुटली नाही तर ट्यूब घालताच येत नाही. हे माझ्यावर एकदा ओढवलं आहे. महिन्यातून एकदा ती सैल करून पुन्हा हातानेच घट्ट करा, पाना लावू नका.

धुतल्यावर दोन्ही टायर बोटं फिरवून तपासा. रबरात रुतलेले जांभ्याचे कण टोच्याने काढा, ते हळूहळू आत सरकत कापडापर्यंत जातात. बाजूला धागे दिसू लागले तर त्या टायरवर सड्यावर जाऊ नका. मधल्या नॉबची उंची निम्मी झाली की मागचा टायर बदलायची वेळ झाली. तेव्हा नवा टायर मागे घालू नका. नवा पुढे, पुढचा मागे, आणि मागच्यातून तीन बोटं रुंदीचे दोन-चार तुकडे कापून पिशवीत.